हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद होण्यापूर्वी: ठाणे-नवी मुंबईतील लहान उद्योगांसाठी तयारीचा क्रम

रबाळ्याच्या एका कारखान्यात बिलिंगच्या टेबलाखाली एक जुना संगणक होता. त्याच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे हिरवे डोंगल खोचलेले असून त्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने ‘काढू नये’ असे लिहून ठेवले होते. ते डोंगल काढले की हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नसे. हे सॉफ्टवेअर ज्यांनी तयार करून दिले त्यांनी वयोमानामुळे व्यवसाय आवरता घेतला आणि येत्या मार्चनंतर कोणतीही दुरुस्ती करून देता येणार नाही, असे फोनवर नम्रपणे कळवले. मालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “आता कुठले सॉफ्टवेअर घेऊ?”

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये गेली अनेक वर्षे लहान उद्योगांचे हिशेब पाहताना हा प्रश्न मी वारंवार ऐकला आहे आणि दर वेळी तो पहिला नसून चौथा आहे, असेच माझे मत झाले आहे. त्याआधीचे तीन प्रश्न असे की, जुने सॉफ्टवेअर नेमके कोणत्या तारखेला निरुपयोगी होणार, मागच्या किती वर्षांच्या वह्या कायद्याने दाखवता आल्या पाहिजेत आणि त्या वह्या त्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येतात का. या तिन्हींची उत्तरे हाती आली की नव्या सॉफ्टवेअरची निवड फारशी अवघड राहत नाही. ती नसताना केलेली निवड मात्र बहुधा विक्रेत्याच्या सोयीची ठरते.

‘बंद’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे

उत्पादकाची सूचना बहुधा ई-मेलने येते आणि नोंदणी करताना दिलेल्या पत्त्यावर जाते. तो पत्ता कित्येकदा चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लेखापालाचा असतो. म्हणून सर्वांत आधी परवाना कोणाच्या नावावर व कोणत्या ई-मेलवर आहे ते तपासावे आणि तो पत्ता बदलून मालकांच्या ताब्यातील पत्ता द्यावा. सूचना हाती आल्यावर एका कागदावर चार तारखा लिहून काढाव्यात: नवीन परवान्यांची विक्री थांबण्याची, सुधारित आवृत्त्या व मदत थांबण्याची, नवीन नोंद करता न येता फक्त जुने पाहता येण्याची, आणि सर्व्हरवरील माहिती पुसली जाण्याची. सूचनेत यांपैकी एखादी तारीख नसेल तर ती लेखी विचारून घ्यावी.

या तारखांत वर्षानुवर्षांचे अंतर असू शकते. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स जीपी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सुधारणा व मदत २०२९ अखेरपर्यंत मिळणार आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र एप्रिल २०३१ पर्यंत येत राहतील. याउलट इंट्यूट कंपनीने क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची भारतातील सेवा २०२३ मध्ये आटोपती घेतली तेव्हा ग्राहकांना वर्षांत नव्हे तर महिन्यांत हालचाल करावी लागली, कारण ती सेवा इंटरनेटवर चालणारी होती. आपल्या संगणकावर असलेले सॉफ्टवेअर बंद झाले तरी उघडत राहते. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे एके सकाळी उघडतच नाही. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय वेळापत्रक आखू नये. सॉफ्टवेअर चालू असले तरी त्याखालचा पाया खचू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरे प्रामुख्याने अशाच संगणकांवर चालतात.

आपल्याकडे सुधारित आवृत्ती थांबणे हेच व्यवहारात बंद होणे असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी गेले. हे दर एखादा हुशार लेखापाल हाताने बदलून घेऊ शकतो. पण मे २०२५ च्या कालावधीपासून जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातील बाराव्या तक्त्यात नोंदणीकृत व अनोंदणीकृत ग्राहकांच्या विक्रीची एचएसएननिहाय, म्हणजे मालाच्या संकेतांकानुसार, माहिती वेगवेगळी द्यावी लागू लागली. अशा वेळी जुन्या सॉफ्टवेअरमधून निघणारी फाइल पोर्टलच्या साच्यात बसत नाही आणि दर महिन्याच्या ११ या विवरणपत्राच्या तारखेआधी दोन रात्री एक्सेलमध्ये जागावे लागते. रबाळ्याच्या त्या कारखान्यात हेच चालले होते. त्यांच्या मते सॉफ्टवेअर मार्चमध्ये बंद होणार होते. माझ्या मते ते कधीच बंद झालेले होते.

किती वर्षांच्या वह्या

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ रोजी देय असल्याने त्या वर्षाच्या वह्या ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत दाखवता आल्या पाहिजेत. एखाद्या वर्षाविषयी अपील किंवा चौकशी सुरू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतर एक वर्ष किंवा वरील मुदत, यांपैकी जी नंतर संपेल ती धरावी लागते. कंपनी कायद्यानुसार कंपन्यांना मागील आठ आर्थिक वर्षांच्या वह्या ठेवाव्या लागतात. आयकर, व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या मुदती आपल्या सनदी लेखापालांकडून एका ओळीत लेखी घ्याव्यात आणि सर्वांत लांबची मुदत सगळ्यांना लावावी. प्रत्येक कागदासाठी वेगळी मुदत पाळत बसण्याइतकी माणसे लहान उद्योगात नसतात.

प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना आणखी एक गोष्ट लागू आहे आणि सॉफ्टवेअर बदलताना तिचाच सर्वांत जास्त विसर पडतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीत कोणी, केव्हा, काय बदल केला याची आपोआप होणारी आणि बंद न करता येणारी नोंद असणे बंधनकारक आहे. कार्यालयात तिला ‘एडिट लॉग’ म्हणतात. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात तिच्याविषयी आणि ती जपून ठेवल्याविषयी लिहावे लागते. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी व्हाउचरे आयात केली की ती त्या दिवशी नव्याने केलेल्या नोंदी म्हणून दिसतात. त्यांचा मागील बदलांचा इतिहास त्यांच्यासोबत येत नाही. तो जुन्या सॉफ्टवेअरमधूनच वेगळा काढून ठेवावा लागतो आणि ते सॉफ्टवेअर जिवंत असेपर्यंतच काढता येतो. भागीदारी किंवा एकल मालकीच्या पेढीला हा नियम लागू नाही, तरी सॉफ्टवेअरमध्ये लॉग असेल तर तो काढून ठेवण्यात तोटा काहीच नाही.

सॉफ्टवेअरला काय काय लटकलेले आहे

मालकांना विचारले तर “बिलिंग आणि अकाउंट्स” एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी बिलिंग करणाऱ्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून एक पूर्ण दिवस बसावे आणि महिनाअखेरीला पुन्हा एक दिवस बसावे. रबाळ्याला असे बसल्यावर कळले की, गेटवर जाणारे चलन याच सॉफ्टवेअरमधून निघते, ई-वे बिलासाठीची माहिती त्यातूनच उचलली जाते, पगाराचे पत्रक मात्र वेगळ्याच एक्सेलमध्ये असून त्याची एकच बेरीज दर महिन्याला जर्नलने आत टाकली जाते आणि तुर्भ्याच्या गोदामातील साठ्याची वही तर कागदावर आहे. यांपैकी प्रत्येक गोष्ट कोण करतो, किती दिवसांनी करतो आणि तिच्याशिवाय कोणते काम अडते हे लिहून काढावे.

या पट्ट्यातील कारखान्यांनी जॉब वर्कची चलने स्वतंत्रपणे पाहावीत. प्लेटिंगला, मशिनिंगला किंवा रंगकामाला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो. ट्रायल बॅलन्समध्ये, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकींच्या यादीत, या मालाचा पत्ता नसतो, कारण तो आपलाच साठा असतो. सॉफ्टवेअर बदलताना केवळ शिल्लक आणली आणि उघड्या चलनांची यादी आणली नाही, तर कोणता माल कोणाकडे कोणत्या तारखेपासून पडून आहे हे सांगणारे कोणीच उरत नाही.

तारीख ठरवताना

सर्वसाधारण सल्ला असा असतो की १ एप्रिलपासून नवे सुरू करावे. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. ३१ मार्चला वर्ष संपले तरी त्या वर्षाच्या वह्या बंद होत नाहीत. घसारा, तरतुदी, लेखापरीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या या नोंदी पुढे सप्टेंबरपर्यंत होत राहतात आणि वार्षिक जीएसटी विवरणपत्राचे काम डिसेंबरपर्यंत चालते. म्हणून १ एप्रिलला नवे सुरू करायचे असेल तर जुने सॉफ्टवेअर किमान त्या डिसेंबरअखेरपर्यंत नोंदी घेण्याच्या स्थितीत हवे. जुने जर ३१ मार्चलाच कायमचे बंद होणार असेल तर १ एप्रिल ही तारीख उशिराची आहे. अशा वेळी त्या वर्षाच्या मध्यावरच, शक्यतो एखाद्या तिमाहीच्या सुरुवातीला, स्थलांतर करून चालू वर्षाच्या सगळ्या नोंदी नव्यात आणाव्यात, म्हणजे लेखापरीक्षणाच्या दुरुस्त्या एकाच ठिकाणी करता येतील.

रबाळ्याचे सॉफ्टवेअर मार्चनंतरही उघडणार होते, केवळ दुरुस्ती मिळणार नव्हती, म्हणून आम्ही १ एप्रिल ठरवली आणि मागे मोजत गेलो. ऑक्टोबरमध्ये जुन्या वह्या उतरवून घेण्याची पहिली फेरी, दिवाळीनंतर नव्याची निवड, डिसेंबर-जानेवारीत याद्यांची साफसफाई, ३१ जानेवारीच्या शिलकी घेऊन चाचणी, फेब्रुवारीत दोन्हींवर काम. यात मार्च मोकळा ठेवला, कारण मार्चअखेरीच्या बिलांची गर्दी असते आणि शिमगाही बहुधा त्याच महिन्यात येतो. आमच्याकडे अर्धे कार्यालय शिमग्याला आणि उरलेले गणपतीला कोकणात असते, हे वेळापत्रकात धरले नाही तर कोणतीही तारीख पाळली जात नाही.

महिन्यातल्या महिन्यात पाहिले तर ११ आणि २० या विवरणपत्रांच्या तारखांच्या आसपास काहीही बदलू नये. बिलांच्या क्रमांकांचाही विचार आधीच करावा. क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये आणि तो क्रमाने चालावा, असा नियम आहे. वर्षाच्या मध्यात बदल करत असल्यास नवी मालिका वेगळ्या अक्षरांनी सुरू करावी आणि त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दोन्ही मालिकांचे पहिले व शेवटचे क्रमांक द्यावेत.

जुन्या वह्या उतरवून घेणे

हे काम नव्या सॉफ्टवेअरची निवड होण्याची वाट न पाहता आधी करावे. नवे आवडले नाही तर बदलता येते. जुन्यातून न काढलेले कागद पुन्हा मिळत नाहीत.

प्रत्येक आर्थिक वर्षासाठी तीन रूपांत संग्रह करावा. पहिले रूप म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप, आणि त्याच्यासोबत सॉफ्टवेअर बसवण्याची फाइल, परवान्याचा क्रमांक, सर्व पासवर्ड आणि डोंगल असल्यास त्याचा चालक प्रोग्राम (ड्रायव्हर). नव्या आवृत्तीत रूपांतर केलेला डेटा जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही, म्हणून रूपांतरापूर्वीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावी. दुसरे रूप पीडीएफचे: ट्रायल बॅलन्स, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्व खात्यांचे लेजर, डे-बुक, खरेदी-विक्रीच्या वह्या, बिलवार येणे-देणे, साठ्याचे पत्रक, स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही, बँकेचा ताळमेळ, टीडीएसचे तपशील आणि एडिट लॉग. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) लागू असणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आहे त्यांनी, प्रत्येक बिलाचा आयआरएन (पोर्टलने दिलेला नोंदणी क्रमांक) व क्यूआर कोड असलेली प्रतही ठेवावी. तिसरे रूप एक्सेल किंवा सीएसव्हीचे (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल), कारण पीडीएफ वाचता येते पण तिच्यावर बेरीज करता येत नाही आणि चौकशीला आलेला अधिकारी बेरजेविषयीच विचारतो.

सीएसव्ही फाइलच्या बाबतीत थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण येथे नुकसान शांतपणे होते. अशी फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल आपल्या समजुतीप्रमाणे रकाने बदलतो. बारा अंकी ई-वे बिल क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो. बँक खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्ये गळतात. पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर पुढचे अंक शून्य होतात. ‘३-१२’ असा बिल क्रमांक ३ डिसेंबर होतो. आणि ५ एप्रिलची नोंद संगणकाची मांडणी अमेरिकन असल्यास ४ मेची होते. अशी फाइल एकदा ‘सेव्ह’ केली की मूळ माहिती गेली. म्हणून मूळ फाइल केवळ वाचण्यापुरती खुली ठेवावी आणि एक्सेलमध्ये आणताना आयातीच्या पर्यायातून क्रमांकांचे सर्व रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावेत.

मराठी नावांचे दुखणे आपल्याकडे वेगळेच आहे. युनिकोडच्या आधीच्या काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली ग्राहकांची नावे व नोंदींचे तपशील बाहेर काढले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. माहिती खराब झालेली नसते, फक्त ती वाचणारा फॉन्ट तेथे नसतो. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, मात्र जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. त्यामुळे रूपांतरित यादी ज्याला ग्राहकांची नावे तोंडपाठ आहेत अशा व्यक्तीकडूनच वाचून घ्यावी.

सॉफ्टवेअर स्थानिक जाणकाराने बनवून दिलेले असेल तर त्यांच्याशी संबंध चांगले आहेत तोवरच डेटाबेसचा पासवर्ड आणि कोणत्या तक्त्यात काय आहे याची यादी मागून घ्यावी. या कामाचे त्यांना योग्य पैसे द्यावेत. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीच्या काळातील सॉफ्टवेअर असल्यास त्याच्या डीबीएफ फाइल लिबरऑफिसमध्ये थेट उघडतात, हे कित्येकांना ठाऊक नसते. रबाळ्याला याच मार्गाने १९ वर्षांची डे-बुके एका दुपारी हाती आली आणि मालकांनी त्यातल्या पहिल्या बिलाचे पान छापून घेतले.

या संग्रहाच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक कारखान्याच्या बाहेर ठेवावी. तळमजल्याच्या गाळ्यात जुलैमध्ये किती पाणी येते हे येथल्या लोकांना सांगायला नको. कंपन्यांच्या बाबतीत, वह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असल्यास त्यांचा दररोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर असावा असा नियम आहे, तेव्हा बाहेरची प्रत कोठे जाते हेही पाहावे.

मग परीक्षा घ्यावी. ज्याने संग्रह केला नाही अशा माणसाला दुसऱ्या संगणकावर बसवून सांगावे, “ऑगस्ट २०२१ मधले अमुक ग्राहकाचे बिल, त्याची पावती आणि त्या महिन्याच्या विवरणपत्रातील त्याची नोंद काढून दाखवा.” पंधरा मिनिटांत सापडले नाही तर फायलींची नावे आणि फोल्डरांची रचना बदलावी. आमच्याकडे पहिल्या वेळी पाऊण तास लागला, कारण सर्व फायलींची नावे ‘लेजर फायनल’, ‘लेजर फायनल नवीन’ अशी होती.

नव्याची निवड

येथे मी कोणत्याही सॉफ्टवेअरची शिफारस करणार नाही. विक्रेत्याच्या नमुना कंपनीवर दाखवलेले प्रात्यक्षिक पाहून ठरवू नये. आपल्या कारखान्यातील सर्वांत कटकटीची दहा व्हाउचरे न्यावीत. मालाचा काही भाग परत आलेले बिल, आगाऊ रकमेचे समायोजन, उलट आकारणीचा (ज्यावरचा कर खरेदीदारानेच भरायचा असा) वाहतूक खर्च, परकीय चलनातील खरेदी, टीडीएस कापून आलेली रक्कम, जॉब वर्कचे चलन आणि दोन दरांचा माल असलेले बिल ही त्यांत असावीत. ती आपल्यासमोर नोंदवून घ्यावीत. आणि सौदा होण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: उद्या आम्ही तुमचे सॉफ्टवेअर सोडले तर आमची सगळी माहिती कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत मिळेल? या प्रश्नावर जो विषय बदलतो त्याच्याकडून घेऊ नये.

याद्यांची साफसफाई आणि शिलकींचे स्थलांतर

साफसफाई जुन्या वह्यांत करू नये, असे माझे ठाम मत आहे. एकाच ग्राहकाची तीन नावांनी तीन खाती असतील तर ती जुन्यात एकत्र करण्याचा मोह होतो, पण त्या वह्या पुरावा आहेत आणि दाखल झालेली विवरणपत्रे त्यांच्यावरच उभी आहेत. त्याऐवजी एका एक्सेलमध्ये जुने नाव, नवे नाव, पॅन, जीएसटी क्रमांक, एचएसएन आणि शेरा असे रकाने करून जोडणी लिहावी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढील दहा पॅनचे असल्याने निम्म्या चुका या तपासणीतच सापडतात. उलाढाल पाच कोटींपर्यंत असल्यास एचएसएनचे चार अंक व त्यापुढे सहा अंक लागतात, तेही याच वेळी पूर्ण करावेत.

इतिहास किती आणावा याविषयी मतभेद आहेत. लहान उद्योगाने सगळी जुनी व्हाउचरे नव्यात ओतू नयेत, असे मला वाटते. संग्रह नीट असेल तर त्याची गरज नसते आणि ओतलेली माहिती तपासण्याची ताकदही नसते. खात्यांच्या व मालाच्या याद्या, आरंभीच्या शिलकी, बिलवार येणे-देणे, साठा आणि उघडी चलने एवढे पुरते.

मात्र बिलवार म्हणजे खरोखर बिलवार. एका पुरवठादाराचे ४,८०,००० रुपये देणे आहे म्हणून एकच रक्कम १ एप्रिलच्या तारखेने टाकली तर त्यामागच्या बिलांच्या तारखा हरवतात. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवरील कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. या दोन्ही मुदती मूळ बिलाच्या किंवा माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजतात. नव्या सॉफ्टवेअरचा जन्मदिवस त्यांना ठाऊक नसतो.

चाचणीच्या पहिल्या आयातीत रबाळ्याला जे घडले ते जवळून सांगण्यासारखे आहे. जुन्या ट्रायल बॅलन्समध्ये ग्राहकांकडील येणे ३८,४२,६१५ रुपये होते. आम्ही बिलवार यादी आयात केली आणि नव्यात ३९,२०,११५ रुपये दिसले. ७७,५०० रुपयांचा फरक आरंभीच्या शिलकीतील तफावत म्हणून तळाशी लाल अक्षरांत येऊन बसला. लेखापाल काकांनी रात्री फोन केला, “साहेब, एखादे बिल दोनदा आले असणार.” दोन दिवस बिले मोजण्यात गेले. चूक बिलांत नव्हती. तीन ग्राहकांनी ५०,०००, २०,००० आणि ७,५०० रुपये कोणत्याही बिलाचा उल्लेख न करता पाठवले होते आणि ते ‘ऑन अकाउंट’ जमा झाले होते. बिलांच्या यादीत ते येणे शक्यच नव्हते. तेव्हापासून मी आयातीपूर्वीच प्रत्येक ग्राहकाची खात्यातील शिल्लक आणि त्याच्या बिलांची बेरीज शेजारी शेजारी मांडतो. जेथे फरक असेल तेथे ऑन अकाउंट रक्कम असते, नाहीतर खरीखुरी चूक. फरक तात्पुरता सस्पेन्समध्ये, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या खात्यात, टाकून पुढे जाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्या खात्यातून रक्कम बाहेर काढणारा माणूस सहसा पुन्हा येत नाही.

दोन्हींवर एक महिना

फेब्रुवारीभर प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी करावी लागते, कर्मचारी कुरकुर करतात आणि ती रास्त असते. त्या महिन्याचा जादा भत्ता आधीच मंजूर करून ठेवावा. रोज सगळे जुळवत बसू नये. आठवड्यातून एकदा विक्रीची दरनिहाय बेरीज, बँकेची शिल्लक, येणे, देणे आणि निवडक वीस वस्तूंचा साठा एवढे पाहावे, आणि महिनाअखेरीला पूर्ण ट्रायल बॅलन्स व जीएसटीआर-१ चे आकडे. विवरणपत्र जुन्यावरूनच भरावे. काही पैशांचे फरक दिसतील, कारण एक सॉफ्टवेअर कर प्रत्येक ओळीवर पूर्णांकात करते आणि दुसरे बिलाच्या बेरजेवर. ही पद्धत कोणती ठेवायची ते लेखापरीक्षकांना विचारून ठरवावे व पुढे बदलू नये. ई-इनव्हॉइस वापरणाऱ्यांनी या महिन्यात नव्याची पोर्टलशी जोडणी केवळ चाचणी व्यवस्थेवरच तपासावी, नाहीतर एकाच विक्रीचे दोन आयआरएन निघू शकतात.

बदलाचा दिवस आणि त्यानंतरचे महिने

३१ मार्चच्या संध्याकाळी शेवटचे बिल झाल्यावर जुन्यातील सर्वांचे नोंदीचे अधिकार काढून ते फक्त लेखापालाकडे ठेवावेत, बॅकअप घ्यावा, ट्रायल बॅलन्स छापून त्यावर मालक व लेखापालांनी तारखेसह सही करावी. १ एप्रिलला नव्यात टाकलेल्या शिलकी तात्पुरत्या असतात. पुढे लेखापरीक्षणातून निघालेली प्रत्येक दुरुस्ती आधी जुन्यात नोंदवून तिचा परिणाम नव्यातील आरंभीच्या शिलकीत आणावा आणि अशा दुरुस्त्यांची एक वेगळी वही ठेवावी. आमच्याकडे त्या वर्षी अकरा दुरुस्त्या झाल्या. अंतिम ताळेबंदावर सही झाल्यानंतर जुन्याचा बॅकअप पुन्हा घ्यावा, कारण मार्चमधला आता शिळा झालेला असतो. ही पायरी अगदी अनुभवी कार्यालयांतूनही सुटते.

जुन्या परवान्याचे आपोआप होणारे नूतनीकरण वार्षिक जीएसटी विवरणपत्र दाखल झाल्यावरच थांबवावे. त्याच वेळी जुन्या सॉफ्टवेअरला दिलेले ई-इनव्हॉइस व ई-वे बिल पोर्टलचे वापरकर्ता अधिकार रद्द करावेत. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा; ज्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत असे यंत्र जाळ्यात ठेवणे म्हणजे गाळ्याचे शटर उघडे टाकून घरी जाणे होय.

रबाळ्याचा तो संगणक आता टेबलाखाली नसून कार्यालयाच्या लोखंडी कपाटात आहे. डोंगल एका पाकिटात घालून त्यावर पासवर्ड कोठे आहे, कोणत्या वर्षांच्या वह्या आत आहेत आणि ‘३१ डिसेंबर २०३२ पूर्वी टाकू नये’ असे लिहिले आहे. दर सहा महिन्यांनी बिलिंगच्या ताई तो बाहेर काढतात, सुरू करतात, एक जुने बिल उघडून पाहतात आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारीख टाकून सही करतात.